धक्क्यापाशी गवत दिसत नाही म्हणजे गवत गेलं का? चेसापीकच्या पाण्याखालचा बदल कसा मोजतात

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुमचं घर अ‍ॅनापोलिसजवळ सेव्हर्न नदीच्या काठावर आहे, दोन वर्षांपूर्वी धक्क्याभोवती पाण्याखाली इतकं गवत होतं की बोटीच्या पंख्यात अडकायचं, यंदा जुलै संपत आला तरी काडी दिसत नाही, आणि त्याच वेळी बातम्यांत येतं की चेसापीक बे या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाडीतलं गवत सावरतंय. मग खरं कोण? शिवाय तुम्ही ड्रोन घेतलाय, त्याने दर महिन्याला फोटो काढले तर बदल मोजता येईल का, आणि एवढी अवाढव्य खाडी हे लोक मोजतात तरी कशी, असंही विचारलंय.

मी गेली चौदा वर्षं मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर हे पाण्याखालचं गवत मोजायच्या सर्व्हेच्या कामात आहे, उन्हाळाभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि हिवाळ्यात फोटो आणि आकडे तपासायचे. मूळची दाभोळ खाडीच्या काठची, त्यामुळे खाडी, गाळ, ओहोटी हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे, पण पाण्याखालचं गवत दरवर्षी मोजावं इतकं महत्त्वाचं असतं हे मात्र इथे येऊन शिकले.

तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. तुमच्या धक्क्यापाशी काय झालं ही एक, आणि अख्ख्या बेमध्ये काय चाललंय ही दुसरी. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, तुमच्याकडचं गवत गेलेलं असेल आणि तरी बेचा एकूण आकडा वाढलेला असेल. पण त्याच्याही आधीचा मुद्दा म्हणजे "दिसत नाही" आणि "नाही" यात खूप अंतर आहे, आणि आमचं निम्मं काम हे अंतर सांभाळण्यात जातं.

म्हणून माझा पहिला उलट प्रश्न, दोन वर्षांपूर्वी जे होतं ते गवत कोणतं होतं? सगळेच त्याला गवत म्हणतात, पण चेसापीकमध्ये डझनभराहून जास्त जाती आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. सेव्हर्नचं पाणी मध्यम खारट, तिथे साधारण रेडहेड ग्रास, विजन ग्रास, सॅगो पॉन्डवीड आणि हॉर्न्ड पॉन्डवीड भेटतात. रेडहेडचं पान रुंद, कडेला थोडं चुरगळल्यासारखं, आणि खाली देठ नसतोच, पान सरळ खोडाला मिठी मारून बसतं, दोन बोटांत धरून खाली ओढलं तर ते कळतं. विजन ग्रास म्हणजे शिवणाच्या दोऱ्यासारखी पानं, टोकाला निमुळती, आणि उन्हाळ्यात एका जागेवरून छत्रीच्या काड्यांसारखे देठ फुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक काळपट बी. हॉर्न्ड पॉन्डवीड पण दोऱ्यासारखंच, पण त्याचं बी बघा, पानाच्या बगलेत दोन-चार एकत्र चिकटलेली, किंचित वाकडी, टोकाला शिंगासारखं अणकुचीदार, नावच त्यावरून पडलंय. एकदा हातात घेतलंत की परत चुकणार नाही.

ही ओळख का महत्त्वाची ते माझ्याच एका चुकीवरून सांगते. कामाच्या दुसऱ्या वर्षी मला चेस्टर नदीतल्या काही छोट्या खाजणांची यादी दिली होती, मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेले, तळावरचं गवत वर काढायचं दाताळं दहा वेळा टाकलं, काहीच आलं नाही, मी सगळीकडे शून्य लिहिलं आणि समाधानाने परत आले. पुढच्या वर्षी योगायोगाने मे महिन्यात त्याच खाजणात गेले तर पाय ठेवायला जागा नाही इतकं दाट! ते सगळं हॉर्न्ड पॉन्डवीड होतं. ते थंडी संपता संपता वाढतं, मेमध्ये ऐन भरात असतं आणि जून-जुलैत पाणी तापलं की सुटं होऊन तरंगत निघून जातं. म्हणजे आदल्या वर्षीचं माझं शून्य लबाडीचं नव्हतं पण चुकीचं होतं, आणि नंतर कुणी ते दोन आकडे शेजारी ठेवले असते तर "एका वर्षात प्रचंड वाढ" असा निष्कर्ष निघाला असता. ते शून्य मला अजून आठवतं. तेव्हापासून तारीख आणि जात हे दोन रकाने भरल्याशिवाय मी कुणाचाही आकडा वापरत नाही.

तर तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वी बोटीत अडकलेलं गवत मे-जूनमध्ये पाहिलेलं असेल आणि यंदा तुम्ही जुलै अखेरीला बघताय, तर कदाचित काहीच बदललेलं नाही. ते ऑगस्टमध्ये पाहिलेलं रेडहेड असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण त्याची मुळं जमिनीखाली आडवी पसरून वर्षानुवर्षं टिकतात आणि ते सहज एका वर्षात गायब होत नाही. विजन ग्रास असेल तर मधलीच अवस्था, ते एका वर्षी एकरच्या एकर पसरतं आणि पुढच्या वर्षी पावसाळी वसंत आला की बसतं, त्याचं हे वरखाली चालूच असतं. जुने फोटो फोनमध्ये असतील तर तारखेसकट शोधा, पंख्यात अडकलेल्या गवताचा एखादा जवळून काढलेला फोटो मिळाला तरी खूप सांगता येईल.

आता अख्खी खाडी कशी मोजतात ते. चेसापीक बे उत्तर-दक्षिण साधारण ३२० किलोमीटर, पण सरासरी खोली फक्त २१ फूट, म्हणजे आकाराच्या मानाने परात आहे ही. गवत उगवतं ते काठच्या उथळ पट्ट्यात, साधारण सहा फुटांच्या आत. त्यामुळे वरून विमानातून दिसतं, आणि हीच या मोजणीची किल्ली आहे. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स ही संस्था १९८४ पासून दरवर्षी हा हवाई सर्व्हे करते, मधलं १९८८ चं एक वर्ष तेवढं सुटलंय. रॉबर्ट ऑर्थ यांनी तो कित्येक दशकं चालवला. आधी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म होती, आता डिजिटल कॅमेरे आहेत, पण गाभा तोच, ठरलेल्या रेषांवरून उडायचं, फोटो एकमेकांना जोडायचे, आणि गवताच्या प्रत्येक तुकड्याची सीमा आखायची. मग प्रत्येक तुकड्याला दाटपणाचा नंबर, दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा झाकलेली असेल तर एक, १० ते ४० टक्के दोन, ४० ते ७० टक्के तीन, त्याच्यावर चार. आणि खाली पाण्यात उतरलेल्या आमच्यासारख्यांनी पाठवलेल्या नोंदी त्या फोटोंशी ताडून बघायच्या, कारण वरून काळं दिसणारं सगळं गवत नसतं, शिंपल्यांचा थर असतो, समुद्री शेवाळ असतं, नुसता काळा चिखलही असतो.

उडायचं कधी, हे ऐकलंत की तुमच्या ड्रोनचं अर्धं उत्तर मिळेल. ओहोटी पाहिजे, पाणी सगळ्यात खाली असतं त्या वेळेच्या साधारण दीड तास मागेपुढे. सूर्य क्षितिजापासून २० ते ४० अंशांवर, त्याच्या वर गेला की पाण्यावर चमक येते आणि खालचं काही दिसत नाही. वारा ताशी दहा मैलांच्या आत. ढग नकोत, धुकं नको, पाऊस होऊन पाणी गढूळ झालेलं नको. आणि हे सगळं त्या भागातलं गवत भरात असताना, दक्षिणेला समुद्राच्या तोंडाशी ईलग्रास ही जात मे-जूनमध्ये भरात येते, उत्तरेला गोड्या पाण्यातल्या जाती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे एकाच खाडीचे वेगवेगळे मोसम. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, सूर्य तिच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे दोन्ही जुळणारे दिवस पंधरवड्यातून मोजकेच, आणि त्यातले निम्मे वारा खातो. कधी वैमानिक आठवडाभर धावपट्टीवर बसून राहतो.

म्हणूनच एखाद्या वर्षीचा आकडा वाचताना तो "मोजलेला" आहे की "अंदाज धरून" आहे हे बघायला लागतं. २०१८ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी पाऊस आणि वॉशिंग्टनच्या भोवतालची सुरक्षेची बंधनं यामुळे काही भागांवरून उडताच आलं नाही. प्रत्यक्ष मोजणीत साधारण ९१,५०० एकर आले, आणि न उडलेल्या भागात आदल्या वर्षीइतकंच असेल असं धरलं तर १,०८,००० एकर. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत पण कुणी एका वर्षाचा पहिला आणि दुसऱ्या वर्षाचा दुसरा उचलून तुलना केली तर साडेसोळा हजार एकरांचा बदल नुसता कागदावर होतो, पाण्यात काहीही न होता.

तरी लांबून बघितलं तर चित्र स्पष्ट आहे. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने इतका पूर आणि गाळ आणला की आधीच कमी होत चाललेलं गवत मोठ्या प्रमाणावर गेलं. १९८४ मध्ये पहिल्या नियमित सर्व्हेत जेमतेम ३९,००० एकर उरलेले. मग चढउतार करत करत २०१७ मध्ये आकडा पहिल्यांदा एक लाख एकरांच्या वर गेला. आणि मग २०१८ च्या उत्तरार्धापासून इतका पाऊस पडला, नद्यांनी इतकं पाणी आणलं, की २०१९ मध्ये तो एकदम ६६,७०० च्या आसपास खाली आला, एका वर्षात साधारण ३८ टक्के. त्या उन्हाळ्यात मी बेमधल्या टँजियर साउंडमध्ये होते, विजन ग्रासचे जे ताटवे आम्ही "हे तर असणारच" म्हणून गृहीत धरायचो तिथे दाताळ्याला नुसता चिखल लागत होता, बोटीत कुणी बोलत नव्हतं. २०२० मध्ये आणखी थोडं कमी, आणि मग परत चढ, २०२३ मध्ये साधारण ८३,००० एकर आणि २०२४ मध्ये जवळपास तेवढंच. बातम्यांतलं "सावरतंय" ते हे. बे सुधारण्यासाठी झालेल्या २०१४ च्या करारात २०२५ पर्यंत १,३०,००० एकर गाठायचं ठरलं होतं, आणि अंतिम उद्दिष्ट १,८५,००० एकर, जे १९३० च्या दशकापासूनच्या जुन्या हवाई फोटोंत पूर्वी कुठे कुठे गवत होतं ते शोधून ठरवलंय. त्या हिशोबाने अजून बराच पल्ला आहे.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण ती बातमीत येत नाही. एकूण एकर तेवढेच राहून आतलं गवत बदलू शकतं. बेच्या दक्षिण भागात पूर्वी ईलग्रासचं राज्य होतं. ते थंड पाण्याचं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची त्याची दक्षिण सीमा शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात आहे, म्हणजे इथे ते आधीच काठावर उभं आहे. पाणी ३० अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिलं की ते मरतं, २००५ च्या उन्हाळ्यात यॉर्क नदीच्या तोंडाशी ते मोठ्या प्रमाणात मेलं, २०१० ला परत. त्याच्या जागी विजन ग्रास आलं, उष्णता सोसणारं. नकाशावर दोन्ही हिरवंच. पण ईलग्रास लवकर वसंतात उभं असतं, निळ्या खेकड्यांच्या पिल्लांना तेव्हा आसरा तेच देतं, आणि विजन ग्रास वाढतं उशिरा आणि एका पावसाळी वर्षात कोसळतं. म्हणजे २०१९ सारखी घसरण पुढे जास्त वेळा दिसणार. माझ्या मते एकूण एकरांपेक्षा "कोणतं गवत किती आणि किती भरवशाचं" हा प्रश्न आता मोठा झालाय, आणि त्याचं उत्तर विमानातून मिळत नाही, ते पाण्यात उतरून हाताने बघावं लागतं. तुमच्यासारख्या काठावरच्या माणसाची नोंद म्हणूनच कामाची आहे.

कारणांवर थोडं, कारण मोजायचं काय ते त्यावर ठरतं. या गवताचं सगळं गणित उजेडाचं आहे. शेतांतून आणि सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस आला की सूक्ष्म शेवाळ वाढतं, पाणी हिरवं-तपकिरी होतं, शिवाय पानांवर शेवाळाचा लेप बसतो, आणि गवत अंधारात उपाशी मरतं. बेसाठी जी मर्यादा धरतात ती अशी की खारट भागात पृष्ठभागावरच्या उजेडाचा साधारण २२ टक्के तळापर्यंत पोचला पाहिजे, गोड्या भागातल्या जातींना १३ टक्के पुरतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की १९८४ पासून बेमधला नायट्रोजन साधारण २३ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याबरोबर १७,००० हेक्टर गवत परत आलं. माझ्या दृष्टीने ही जगातल्या मोजक्या चांगल्या बातम्यांपैकी एक आहे, आणि ती आपल्याला कळली ती फक्त दरवर्षी कुणीतरी त्याच रेषांवरून उडत राहिलं म्हणून.

उजेडाचं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एकदा उत्तरेला हाव्र द ग्रेसजवळच्या सस्क्वेहाना फ्लॅट्सवर जा, बेला येणाऱ्या गोड्या पाण्याचं जवळपास निम्मं याच सस्क्वेहाना नदीतून येतं. तिथे हजारो एकरांचा सलग ताटवा आहे. बोटीतून उतरून बाहेरच्या पाण्यात उभं राहिलं तर गुडघा दिसत नाही, आणि तसंच ताटव्यात पन्नास-साठ पावलं आत चालत गेलं की पाणी हळूहळू निवळत जातं, मग पायाची नखं दिसायला लागतात, पानांवरच्या गोगलगायी दिसतात. गवत पाण्याचा वेग मोडतं, गाळ खाली बसतो, उजेड आत येतो, आणि गवत आणखी वाढतं, ते स्वतःची सोय स्वतः करतं. सप्टेंबर २०११ मध्ये ली वादळाचा पूर आला तेव्हा या ताटव्याच्या कडा धुवून गेल्या पण मधला गाभा टिकला, आणि त्या गाभ्यातूनच तो परत पसरला. छोट्या, विरळ तुकड्यांना हे जमत नाही. तुमच्या धक्क्यापाशी छोटा तुकडा होता का मोठ्या ताटव्याची कड होती, यावरही पुढे काय होईल ते अवलंबून आहे.

तुम्ही हायड्रिलाबद्दलही विचारलंय, की ते बाहेरून आलेलं वाईट गवत ना. हो, बाहेरून आलेलं, आणि आपल्या ओळखीचं! शाळा-कॉलेजात प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात बीकरमध्ये उलट्या नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे मोजायचो ना, तेच. इथे ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोटोमॅक नदीत सापडलं आणि झपाट्याने पसरलं, बोटवाल्यांनी खूप आरडाओरडा केला. पण पुढच्या वर्षांत पाणी सुधारत गेलं आणि हायड्रिलासोबत स्थानिक जातीही परत आल्या, त्यामुळे सगळ्या स्थानिक जातींना ते हुसकून लावेल ही भीती तिथे खरी ठरली नाही. सेव्हर्नमध्ये तुमच्याकडे ते असण्याची शक्यता कमी, त्याला इतकं खारट पाणी मानवत नाही. म्हणून मी ते सरसकट वाईट म्हणत नाही, जागा बघून बोलावं लागतं.

आता तुमचा ड्रोन. उपयोग होईल, पण एकट्याने नाही. आधी उडवायची परवानगी बघा, वॉशिंग्टनच्या भोवती हवाई हद्दीचे नियम बाकी देशापेक्षा कडक आहेत आणि अ‍ॅनापोलिस त्या परिसरात येतं, तेव्हा एफएए या विमान वाहतूक खात्याचे नियम तुमच्या नेमक्या पत्त्यासाठी तपासून घ्या. मग वेळ, जुलैत तुमच्याकडे सूर्य २० ते ४० अंशांत असतो तो सकाळी साधारण आठ ते साडेनऊ, तेव्हाच उडवा, कॅमेऱ्याला चमक कापणारा पोलरायझर लावा, आणि उंची प्रत्येक वेळी तीच ठेवा. अ‍ॅनापोलिसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर, आपल्या कोकणात पुरुषभर पाणी चढतं-उतरतं तसं इथे काही नाही, त्यामुळे इथे वाराच जास्त खेळ करतो, वायव्येचा वारा दोन दिवस वाहिला की उत्तर बेमधलं पाणी खाली ढकललं जातं आणि काठ उघडा पडतो. म्हणून ओहोटीचं वेळापत्रक बघून थांबू नका, अ‍ॅनापोलिसला नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेचा पाण्याच्या पातळीचा गेज आहे, त्यावरची त्या वेळची खरी पातळी लिहून ठेवा. दर महिन्याला एकदा असं ठरवू नका, कॅलेंडरपेक्षा हवामान बघा, महिन्यातला एक चांगला दिवस तीन वाईट दिवसांच्या फोटोंपेक्षा भारी.

पण मी तुमच्या जागी असते तर ड्रोनच्या आधी दोरी आणली असती. पन्नास मीटरची दोरी, दर पाच मीटरला गाठ, किनाऱ्यापासून सरळ खोल पाण्याकडे. पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकोनी चौकट करा, प्रत्येक गाठीपाशी ती तळावर ठेवा, आतली किती टक्के जागा गवताने झाकली आहे ते दोघांनी वेगवेगळं न बोलता ठरवा आणि मग आकडे सांगा. पहिल्या दिवशी एकाचे २० आणि दुसऱ्याचे ५० येतील, घाबरू नका, चार-पाच चौकटींनंतर नजर जुळते. पाणी छातीच्या वर गेलं तर उतरू नका, बोटीतून दाताळं टाका, लांब दांड्याचं बागेतलं चालेल, तळावरून एकदा हलक्या हाताने फिरवून किती येतं ते बघा, मूठभर, अर्धं दाताळं, पूर्ण दाताळं. मुळासकट उपटून काढायचं नाहीये, टोकं आली तरी जात ओळखता येते. प्रत्येक ठिकाणी खोली, वेळ, जात, टक्के.

आणि सेकी डिस्क घ्या, काळे-पांढरे चतकोर रंगवलेली थाळी, दोरीला बांधून खाली सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. तुमच्या भागासाठी हिने एक सोपा ठोकताळा मिळतो. डिस्क दिसेनाशी होते तिथे साधारण वरच्या उजेडाचा वीस-पंचवीस टक्के उरलेला असतो, आणि तुमच्या गवताला लागतो २२ टक्के. म्हणजे उन्हाळाभरात डिस्क साधारण तीन फुटांवर दिसेनाशी होत असेल तर त्याच्याहून खोल गवत टिकण्याची आशा कमी. एका दिवसाच्या मापावर जाऊ नका, पाऊस झाला की चार दिवस पाणी गढूळ असतं, एप्रिल ते ऑक्टोबर जमेल तितक्या वेळा बघा. यंदा गवत नाही आणि डिस्कही दोन फुटांत गायब होते असं दिसलं तर कारण बऱ्यापैकी तिथेच आहे. डिस्क चार-पाच फुटांपर्यंत दिसते आणि तरी गवत नाही, तर मग बी नाही, तळ बदललाय, की कुणी बोटीने खरवडलंय, हे शोधावं लागेल.

जागा पक्की करा, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. जीपीएस ठीक आहे पण फोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो आणि गवताची कड तेवढ्यातच असते. आमच्याकडे खारवी लोक डोंगराचं टोक आणि एखादा माड एका रेषेत धरून समुद्रातली जागा लक्षात ठेवतात, तसंच करा, धक्क्याचा खांब आणि मागच्या घराची चिमणी एका रेषेत आली की तीच तुमची रेघ. मी एका गटाच्या वह्या तपासल्या होत्या, सहा वर्षांची मेहनत होती, पण चौथ्या वर्षी पार्किंग सोयीचं म्हणून त्यांनी जागा शेजारच्या वळणावर हलवली आणि कुठे लिहिलं नाही. पहिली तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं जोडताच आली नाहीत. फार वाईट वाटलं, कारण माणसं मनापासून काम करणारी होती. तुम्हाला काही बदलावंच लागलं, माणूस, जागा, दाताळं, कॅमेरा, काहीही, तर एक मोसम जुनं आणि नवं दोन्ही करा, म्हणजे सांधा जुळतो.

फेऱ्या वर्षातून तीन पुरे, मेच्या मध्याला, जुलैत आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला. मेची फेरी हॉर्न्ड पॉन्डवीडसाठी, बाकीच्या दोन इतरांसाठी. थोडक्यात तुमच्या वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, गाठ, खोली, जात, टक्के, सेकी एवढं असलं की झालं, आणि शून्य आलं तर शून्यच लिहा, रकाना रिकामा सोडू नका, रिकामा रकाना म्हणजे "बघितलं नाही".

किती वर्षांनी बदल म्हणता येईल, हे खरंच जागेवर आणि जातीवर आहे. विजन ग्रास असेल तर तीन वर्षांच्या आकड्यांवरून मी काहीच म्हणणार नाही, पाच-सहा वर्षांनी बोलेन, तेही त्या वर्षांचा पाऊस शेजारी ठेवून. रेडहेडचा टिकलेला ताटवा सलग दोन मोसम तिन्ही फेऱ्यांत शून्य आला तर मी त्याला गेलं म्हणेन. आणि तुमच्या नदीचा हवाई नकाशा सर्व्हे करणाऱ्या व्हर्जिनियाच्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर वर्षवार बघायला मिळतो, त्यात तुमच्या वळणावर मागच्या पंधरा-वीस वर्षांत कधी कधी रंग आहे ते आजच बघा. तिथे गवत येऊन-जाऊन असतं असं दिसलं तर यंदाच्या रिकाम्या धक्क्याची काळजी जरा कमी होईल. चेसापीकमध्ये स्वयंसेवकांसाठी एसएव्ही वॉचर्स (एसएव्ही म्हणजे पाण्याखालच्या वनस्पती) म्हणून प्रशिक्षणाचा कार्यक्रमही आहे, त्यात ओळख शिकवतात आणि तुमच्या नोंदी त्याच मोठ्या डेटात जातात.

शेवटी विचारलंय की परत उगवलं तर बोटीपुरतं उपटलं तर चालेल का. स्वतःच्या मनाने नको. मेरीलँडमध्ये हे गवत काढण्यावर कायद्याने बंधनं आहेत, राज्याच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याला आधी विचारा, धक्क्यापर्यंतच्या वाटेसाठी काय करता येतं ते तेच सांगतील. तोवर उथळ पाण्यात मोटार तिरकी वर घेऊन सावकाश या, पंख्याने एकदा तळ खरवडला की त्या चऱ्या भरून यायला वर्षं लागतात, वरून फोटोत आम्हाला त्या पांढऱ्या रेघा दिसतात.

यंदाची मेची फेरी गेली, पण जुलै संपायच्या आत एक फेरी कराच. आणि काठावर भरतीच्या रेषेला जो वाळलेला काळपट कचरा साठलेला असतो ना, तो हाताने चाळून बघा, त्यात शिंगं असलेली बारीक बी सापडली तर तिथे वसंतात गवत होतं. एखाद्या नाण्याशेजारी ठेवून फोटो टाका, मी बघून सांगते.